एका बॉलची पोच

सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. तो बॉल मी चोरलेला नव्हता. मोनिकानं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली सी विंगमधल्या कोणीतरी 'सरांना अटक?' असं लिहिलंय, तसलं काहीही घडलेलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंना जे दोन गणवेशातले लोक दिसतात ते सुरक्षारक्षक आहेत आणि ते माझ्याच विनंतीवरून माझ्याबरोबर चालत होते. पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या माणसाला आपली बाजू मुद्देसूद मांडता येते. फक्त ती शेवटपर्यंत कोणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहून काढतोय.

समाधान ओव्हाळचा फोन आला तेव्हा मी घरी मतदार याद्यांमधली मयत माणसं शोधत होतो. "सर, ओळखलंत का?" असं विचारणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला मी "अरे, न ओळखायला काय झालं" असं म्हणतो आणि मग तो कोण ते गप्पांतून काढून घेतो. समाधानच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. त्याला विसरणं मला शक्यच नाही.

आमची शाळा चाकणच्या पलीकडे. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. सातवीत असताना या पठ्ठ्यानं साठ पावलांवरून दगड मारून ती वाजवली. लागोपाठ तीनदा. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आत केंद्रप्रमुख तपासणीला बसलेले, त्यांचा चहा अर्धा झालेला. दोन मिनिटांत शाळेत तपासायला एकही मूल उरलं नाही. त्या वर्षीच्या शेऱ्यात केंद्रप्रमुखांनी 'पटसंख्या समाधानकारक, उपस्थिती शून्य' असं लिहिलं, आणि ते वाक्य मी दोन बदल्या होऊन पुन्हा त्याच शाळेत आलो तरी माझ्या मागे आहे.

तेव्हापासून मी त्या पोराला रोज एकच प्रश्न विचारायचो, "दगड मारून पोट भरणार आहेस का?" सातवीनंतर दाखला लिहिताना 'वर्तणूक' या रकान्यात सगळ्यांना 'चांगली' लिहिलं आणि याला 'बरी' लिहिलं. दाखला हातात घेऊन तो म्हणाला होता, "सर, चांगली का नाही?" मी म्हटलं, "सुधारायला जागा ठेवली आहे." मला ते उत्तर फार आवडलं होतं.

"सर," फोनवर तो म्हणाला, "भरायला लागलंय."

"काय?"

"पोट. तुम्ही विचारायचा ना."

तर हा समाधान आता व्यावसायिक बेसबॉल खेळतो. चाकण पट्ट्यातल्या काही परदेशी कंपन्यांनी मिळून एक लीग काढली आहे, माळावर दिव्यांचं मैदान उभारलंय, आणि समाधान 'भामा बुल्स' या संघात बॉल टाकतो. त्याबद्दल त्याला पगार मिळतो. हे ऐकून मी खुर्चीवर नीट बसलो.

"पण आईला पटत नाहीये," तो म्हणाला. "कंपनीत कायमचं लागतंय माझं. सोमवारी हजर व्हायचंय. आई म्हणते, ते धर आणि हे सोड. मी म्हटलं, एकदा बघ तरी. तर म्हणते, मला त्यातलं काय कळतंय, तुझ्या गुरुजींना घेऊन जाते, ते सांगतील तसं करायचं." मग म्हणाला, "सर, शुक्रवारी सहा वाजता. दोन पास ठेवलेत. नीट बघा फक्त. मला आठव्या डावात वगैरे टाकायला देतात, तेवढं बघा."

ज्या पोराला मी वर्षभर टोचून बोललो, त्याच्या भवितव्याचा निकाल पुन्हा माझ्याच हातात आला होता. या वेळी नीट बघून द्यायचा असं मी ठरवलं.

आता शुक्रवारी अर्धी रजा काढायची तर कारण लिहावं लागतं. मी 'बेसबॉल' लिहिलं. मुख्याध्यापिका शालनबाईंनी अर्ज चष्म्याच्या वरून वाचला, मग खालून वाचला.

"सर, हे रजेच्या कारणात बसत नाही."

"विद्यार्थी भेट लिहितो."

"आपल्या पटावर आहे?"

"दहा वर्षांपूर्वी होता."

"मग 'माजी विद्यार्थी संपर्क' करा. आलंय तसं एक परिपत्रक. पण त्याला फोटो लागतो. जिओ टॅगवाला. वेळ, ठिकाण दिसलं पाहिजे, आणि तुम्ही काहीतरी करताना दिसला पाहिजे. नुसते बसलेले नको."

ही बातमी सोसायटीत कशी पोचली माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, वर्षाराणीनं सांगितली. वर्षाराणी ही माझी पत्नी. दोनच पास आहेत आणि त्यातला दुसरा समाधानच्या आईला, केसरबाईंना, आहे हे कळल्यापासून ती मला सगळ्या गोष्टींना "चालेल" एवढंच म्हणत होती, आणि लग्न झालेल्या माणसाला या शब्दाचं वजन माहीत असतं.

आमच्या पार्किंगमध्ये गेनबा तात्या दिवसभर खुर्ची टाकून बसतात. सोसायटीच्या जागेत पूर्वी त्यांचा उसाचा फड होता, त्यामुळे त्यांना तिथून कोणी उठवत नाही. त्यांनी मला स्कूटर काढताना अडवलं.

"मास्तर, पोरगं एवढं मोठं झालं आन् तुमी मोकळ्या हातानं जाणार व्हय?"

"मॅच बघायला चाललोय, तात्या."

"मंग काय झालं? शाल, नारळ. सत्काराबिगर पाव्हणा घरी जात न्हाई आपल्यात."

"तिथे पाहुणा मी आहे."

"मंग तर घेतल्याबिगर जाऊच नका."

यातला तर्क मला अजून लागलेला नाही, पण मी शाल आणि नारळ घेतला.

मोनिका बी विंगमध्ये राहते, आयटीत आहे आणि प्रोजेक्टसाठी आठ महिने अमेरिकेत होती. तिनं मला लिफ्टपाशी गाठून खेळ समजावून सांगितला. टाकणारा टाकतो, मारणारा मारतो, तीनदा हुकला की बाद, तीन बाद झाले की डाव पालटतो. मी मध्येमध्ये "म्हणजे आपल्या विटीदांडूसारखं" असं म्हणत होतो. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी मला ते समजलेलं असतं, ही शिक्षकी पेशातली एक सवय आहे.

"आणि सर, बॉल जर आपल्याकडे आला ना, तर—"

"समजलं," मी म्हटलं, आणि लिफ्ट आली म्हणून आत शिरलो.

शुक्रवारी शाळेतून निघालो ते गावात केसरबाईंच्या दारात. बाई साठीच्या. एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं पोळ्या लाटलेल्या. त्या पांढरी साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन तीन वाजल्यापासून ओट्यावर बसल्या होत्या.

"गुरुजी, आधीच सांगते," स्कूटरवर मागे बसता बसता त्या म्हणाल्या. "मला त्याचं वाईट करायचं न्हाई. पण कंपनीत कायम म्हंजी कायम. हितं हात दुखला तर कोण इचारणार? तुमी बघा आन् सांगा. तुमी म्हनलं राहू दे, तर राहू दे. तुमी म्हनलं सोड, तर सोमवारी मी सोता त्याला गेटवर नेऊन उभा करते."

मी "बघू या" म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.

चाकणच्या चौकात शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि मध्ये आम्ही. पाऊण तासात आम्ही जेवढं अंतर कापलं तेवढं समाधाननं दगड मारून गाठलं असतं. बाजूच्या बसमधल्या एका कामगाराशी केसरबाईंची ओळख निघाली, त्याच्या मुलीच्या बाळंतपणाची सगळी चौकशी पूर्ण झाली, आणि तरी बस तिथेच होती. मैदानावर पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.

गेटवर माझी पिशवी उघडली.

"नारळ आत नाही चालणार," रक्षक म्हणाला.

"का?"

"फेकण्याजोगी वस्तू आहे."

"आत दोन-तीन तास फेकाफेकीच चालणार आहे ना?"

"ती प्लेअरची. पब्लिकची नाही."

मला वाद घालायचा नव्हता, पण वस्तू जमा करायची तर पोच घेतल्याशिवाय मी आजवर काहीही जमा केलेलं नाही. जनगणनेचे फॉर्म असोत, तांदळाची रिकामी पोती असोत, पोच म्हणजे पोच. रक्षकानं सांगितलं की अशी पोच कोणी मागत नाही. मी सांगितलं की म्हणूनच देशात घोटाळे होतात. मागे रांग वाढली. शेवटी त्यानं एका चिठोऱ्यावर 'नारळ नग एक जमा' असं लिहून सही केली.

केसरबाई हे सगळं शांतपणे बघत होत्या. "गुरुजी, पुस्तक आणलं असतं तर आत सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "आमच्यात सत्काराला नारळ न्हाई, पुस्तकच देत्यात." त्यांच्या पिशवीत साडीच्या घडीखाली चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती कोणालाही सापडली नाही.

आत चौथा डाव चालू होता. आमच्या जागा खालून आठव्या रांगेत, कडेला. केसरबाईंच्या पलीकडे एक वयस्कर जपानी साहेब, टोपी घालून, गुडघ्यावर हात ठेवून. मी केसरबाईंना खेळ समजावून सांगू लागलो. तो टाकणारा. तो मारणारा. तो मागे बसलाय तो पडलेले बॉल गोळा करणारा. माझ्या म्हणण्याप्रमाणे जो बाद व्हायला हवा होता तो पळत सुटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्या वेळी केसरबाईंनी मान हळूच दुसरीकडे वळवली. जपानी साहेबांनी काही न बोलता एक बोट दाखवलं, मग दोन, मग तीन, आणि मुठीचा अंगठा मागे केला. "बाद," केसरबाई म्हणाल्या. साहेबांनी मान डोलवली. बाईंनी पिशवीतून भाकरी काढली, मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, वर चटणी. त्यानंतर त्या दोघांना माझी गरज उरली नाही.

मला वाईट वाटलं. पंचवीस वर्षं शिकवतोय मी.

समाधान लांब कुंपणापाशी बाकावर बसलेला दिसत होता. मध्येच उठून हात फिरवायचा, पुन्हा बसायचा. "कधी टाकायचा ह्यो?" केसरबाई दर पाच मिनिटांनी विचारायच्या. मी मोबाइल काढून जिओ टॅग चालू केला, पण नुसता बसलेला फोटो चालत नाही म्हणून परत ठेवला. शाल मांडीवर पसरून बसलो, कारण माळावरचा वारा सुटला होता.

सातव्या डावाच्या शेवटी एका खेळाडूनं बॅट फिरवली. बॉल भलत्याच दिशेला, उंच, दिव्यांच्याही वर गेला. माझ्या पुढचे चार लोक हात वर करून उठले. मी उठलो नाही, मी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा बॉल माझ्या मांडीवरच्या शालीत होता.

सगळं मैदान माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागलं. समोरच्या मोठ्या पडद्यावर मी दिसलो, तोंड उघडं असलेला.

इथे थोडं समजून घ्या. आमच्या शाळेला वर्षाला दोन बॉल मिळतात. बॉल रस्त्यापलीकडच्या विहिरीत गेला की क्रीडा विभाग बंद. गेलेला बॉल आणून देणं हा आमच्याकडे संस्कार आहे, परिपाठात सांगितला जातो. एवढे हजार लोक टाळ्या वाजवतायत आणि खेळ थांबल्यासारखा वाटतोय, याचा अर्थ ते बॉल परत मागतायत, हे उघड होतं. इथूनच फेकला असता, पण माझा उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून वर जात नाही. मी केसरबाईंना "आलोच" म्हटलं आणि बॉल घेऊन खाली निघालो.

खाली दोन रक्षक होते.

"बॉल द्यायचाय," मी म्हटलं.

"ठेवा की सर. तुमचाच आहे तो."

मी त्याच्याकडे रोखून बघितलं. "मी जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. मला अशा वस्तू घेता येत नाहीत."

"अहो, सगळेच घेऊन जातात."

"सगळे घेतात म्हणून मी घ्यायचं?" हे वाक्य मी वर्गात आठवड्यातून दोनदा म्हणतो, त्यामुळे ते सफाईदार आलं. "तुमच्या साहेबांकडे न्या मला." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला दोन्ही बाजूंनी घेऊन निघाले. तो मोनिकाचा फोटो इथला. ती घरी मोबाइलवर सामना बघत होती.

बैठकांच्या खाली एक ऑफिस होतं. आत सनी नावाचा तरुण मॅनेजर, हातात वॉकीटॉकी. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"सर, आमच्याकडे बॉल परत घ्यायची प्रोसेसच नाहीये."

"मग सुरू करा. कुठून तरी सुरुवात व्हायला पाहिजे."

"ओके. द्या."

"पोच?"

"काय?"

मी खिशातून नारळाची पोच काढून नमुना म्हणून समोर ठेवली. तो ती बराच वेळ वाचत राहिला. मग रक्षकाला म्हणाला, "भावा, हा बॉल तिकडे प्लेअर्सच्या बाकावर नेऊन दे. सांग, एक मास्तर आहेत, बॉल परत द्यायला आलेत आणि पोच मागतायत. तेच काय ते लिहून देतील." आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली. बॉल जाण्याआधी मी टेबलावर ठेवून त्याच्यासोबत जिओ टॅगवाला फोटो काढून घेतला. काहीतरी करताना दिसत होतो.

दार बंद होतं. एसी लावलेला. मी पोचेची वाट बघत बसलो. बाहेर मैदानात एकदा मोठा गलका झाला. मग शांतता. मग पुन्हा गलका. सनी म्हणाला, "आठवा डाव भारी चाललाय वाटतं."

"आठवा?" मी म्हटलं.

मी उठलो आणि धावलो. या वयात, कोल्हापुरी चपलांत. पायऱ्या चढून वर आलो तेव्हा सगळं मैदान उभं होतं. केसरबाई उभ्या होत्या. जपानी साहेब उभे होते आणि टोपी काढून मैदानाकडे वाकून नमस्कार करत होते. समाधान टोपी हातात घेऊन मैदानाबाहेर जात होता. तिसरा बाद झाला होता. त्याला पुन्हा टाकायला मिळालं नाही. भामा बुल्स एका धावेनं हरले, पण ते मी नंतर पेपरात वाचलं, कारण त्यानंतरचं मला काही दिसत नव्हतं. एक काम दिलं होतं त्या पोरानं. नीट बघा, एवढंच.

सामना संपल्यावर आम्ही खेळाडूंच्या दारापाशी थांबलो. केसरबाईंनी पदर नीट केला. "सांगा गुरुजी. काय करायचं?"

मी वेगळं काही बोलू शकलो असतो. 'छान टाकतो हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण पंचवीस वर्षं न बघता शेरे लिहिले त्यातला एक आज माझ्या छातीवर बसला होता.

"केसरबाई, मी बघितलंच नाही," मी म्हटलं. "मी आत होतो. बॉल परत करत होतो."

मला वाटलं आता चिडतील. त्या म्हणाल्या, "मंग मी सांगते तुमाला."

आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, बोटं मोजत, एकही वाक्य न चुकता. पहिल्याला कसा आत वळवून टाकला. दुसऱ्यानं दोन बाहेर मारले, मग हा थांबला, दम घेतला, आणि हळूच टाकला, तो आधीच फिरवून मोकळा. "आन् तिसऱ्याला तर बॉल दिसलाच न्हाई, गुरुजी. बॅट फिरवली आन् सोताच फिरला." त्यांनी मोजलेली बोटं मिटली. "वीस वरसं मी कॅन्टीनात पोळ्या लाटल्या. हजार माणसं जेवायची. पण माझी पोळी चांगली झाली म्हनून कोण उठून उभं राहिलं न्हाई कदी. ह्याच्यासाठी सगळी उभी राहिली. जाऊ द्या ती कंपनी."

तेवढ्यात समाधान बाहेर आला. आईकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असावं, तो खाली वाकला आणि तिच्या पाया पडला. मग माझ्या. मी त्याला अर्ध्यावर उचलला आणि त्याच्या अंगावर शाल टाकली. नारळाच्या जागी काय द्यावं कळेना, म्हणून नारळाची पोच दिली.

"सर, मी बाकावर बसलो होतो," तो म्हणाला. "हात नुसता थरथरत होता. आई बघतेय, तुम्ही बघताय. म्हटलं आज वाइड जाणार सगळे. तेवढ्यात रक्षक बॉल घेऊन आला, म्हणाला, एक मास्तर आहेत, बॉल परत द्यायला आलेत आणि पोच मागतायत. मी म्हटलं, नाव सांगू नका, कळलं." तो हसायला लागला. "इतका हसलो सर, की कोच बघायला लागला. मग हात थांबला."

"पण मला पोच मिळाली नाही," मी म्हटलं.

"आणलीय ना." त्यानं खिशातून तोच बॉल काढून माझ्या हातात ठेवला. त्याच्यावर निळ्या शाईनं, मी सातवीत त्याच्याकडून सुधारून घेतलेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'बॉल नग एक मिळाला. वर्तणूक: बरी. समाधान ओव्हाळ.'

मी दोनदा वाचलं.

"चांगली का नाही?" मी विचारलं.

"सुधारायला जागा ठेवलीय, सर," समाधान म्हणाला, आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन त्यात भाकरी उरलीय का ते बघू लागला.